डोळ्यामागची हिरवी गाठ

सकाळी उठल्यावर मुलाची एक पापणी सुजलेली दिसली, तर घरात सहसा कुणी घाबरत नाही. रात्री काहीतरी चावलं असेल, रांजणवाडी येत असेल, नाहीतर डोळे आले असतील. गरम कापडाचा शेक, मेडिकलमधून आणलेले थेंब, दोन दिवस शाळेला सुट्टी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतंही. हा लेख उरलेल्या फार थोड्या मुलांबद्दल आहे. त्यांची सूज चार-आठ दिवसांत उतरण्याऐवजी वाढत जाते, डोळा हळूहळू पुढे ढकलला जातो, आणि आजाराचं मूळ डोळ्यात नसतंच. ते असतं हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं तिथे.

रक्ताचा कर्करोग म्हटलं की फिकट चेहरा, न हटणारा ताप, हिरड्यांतून येणारं रक्त हे सगळं आठवतं. ते चित्र खरं आहे. ल्युकेमियात अस्थिमज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. डॉक्टर त्यांना ब्लास्ट म्हणतात. त्यांच्या गर्दीत तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स तयार व्हायला जागा उरत नाही, आणि वरची सगळी लक्षणं त्यातून येतात. पण काही वेळा हेच ब्लास्ट मज्जेबाहेर पडतात, शरीरात एखाद्या जागी ठाण मांडतात आणि तिथे चक्क मांसल गाठ तयार करतात. मायलॉइड प्रकारच्या ल्युकेमियात अशा गाठीला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. ती त्वचेत, हाडाच्या आवरणाखाली, लसिकाग्रंथीत, आतड्यात, मणक्याजवळ, कुठेही होऊ शकते. लहान मुलांमध्ये मात्र ती वारंवार डोळ्याच्या खोबणीत सापडते.

आणि अनेकदा तीच पहिली खूण असते. 1975 साली लोरेन्झ झिमरमन आणि रमॉन फाँट या अमेरिकेतल्या दोन नामवंत नेत्र-पॅथॉलॉजिस्टांनी डोळ्याभोवतीच्या अशा गाठींच्या 33 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातले बरेचसे रुग्ण लहान मुलं होती. बहुतेकांमध्ये डोळ्याची तक्रार सुरू झाली तेव्हा ल्युकेमियाचं निदान झालेलंच नव्हतं. मूल आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचलं होतं आणि रक्ताचा आजार नंतर उघड झाला होता. या एका निरीक्षणात संपूर्ण विषयाचं मर्म आहे, असं मला वाटतं. डोळा सुजलेलं मूल कुणाच्या दारात जातं आणि तिथे त्याचं रक्त तपासलं जातं की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

डोळा आणि रक्त यांची ही गाठ वैद्यकशास्त्राला पडायला फार काळ लागला. ग्लासगोमध्ये ॲलन बर्न्स नावाचा एक तरुण शरीररचनाशास्त्रज्ञ होता. 1809 मध्ये त्याने हृदयविकारांवर पुस्तक लिहिलं होतं आणि 1811 मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या शरीररचनेवर. या दुसऱ्या पुस्तकात त्याने एका विलक्षण हिरव्या रंगाच्या गाठीचं वर्णन केलं. या आजाराची वैद्यकीय साहित्यातली ती पहिली नोंद मानली जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी बर्न्स वारला. आपण जे पाहिलं तो रक्ताचा आजार आहे, हे कळण्याचा मार्गच त्याच्यापुढे नव्हता. ल्युकेमियाचं वर्णन व्हायला अजून 34 वर्षं होती. 1845 मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो आणि एडिंबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना, या आजाराच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

तरीही दोन धागे जुळले नाहीत. 1853 मध्ये किंग या डॉक्टरने हिरव्या गाठीला क्लोरोमा असं नाव दिलं. क्लोरोमा आणि ल्युकेमिया पुढची चाळीस वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत राहिले. एक सर्जनांचा विषय, दुसरा फिजिशियनांचा. मधल्या काळात एक गोष्ट घडली. 1879 च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी रंगद्रव्यं वापरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्याची पद्धत बसवली. आता काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून कोणती पेशी कोणत्या जातीची हे सांगता येऊ लागलं. 1893 मध्ये अमेरिकन डॉक्टर जॉर्ज डॉक यांनी क्लोरोमा आणि ल्युकेमिया यांचा संबंध मांडला आणि 1904 मध्ये ॲल्ड्रेड वॉर्थिन यांच्यासह तो आणखी पक्का केला. बर्न्सच्या पुस्तकापासून मोजलं तर इथवर यायला 80 हून अधिक वर्षं गेली.

गाठ हिरवी का, हे कोडं त्याहून चिवट निघालं. जुन्या डॉक्टरांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट टिपून ठेवली होती. कापलेली गाठ हवेत उघडी राहिली की तिचा हिरवा रंग उडतो, आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की तो परत येतो. याचं उत्तर 1941 मध्ये स्वीडनमधून आलं. शेल ॲग्नर यांनी पूमधून एक हिरवं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं केलं. आज त्याला मायलोपेरॉक्सिडेज म्हणतात. आपल्या निरोगी पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पेशी ते मोठ्या प्रमाणात बाळगतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांच्यापासून ते हायपोक्लोरस आम्ल बनवतं, जे जंतूंना मारतं. सर्दी पिकली की नाकातून येणारा शेंबूड हिरवट होतो, तोही याच विकरामुळे. मायलॉइड ल्युकेमियाचे ब्लास्ट न्यूट्रोफिलच्याच कुळातले असल्यामुळे त्यांच्यात हे विकर असतं, आणि लाखो-कोटी ब्लास्ट एका जागी दाटले की गाठीला हिरवी झाक येते. प्रत्येक गाठ मात्र हिरवी नसते. काही राखाडी, पांढरट किंवा तपकिरी असतात. म्हणून 1966 मध्ये हेन्री रॅपापोर्ट यांनी ग्रॅन्युलोसायटिक सार्कोमा हे रंगाशी संबंध नसलेलं नाव सुचवलं आणि नंतर मायलॉइड सार्कोमा रूढ झालं. जुन्या पुस्तकांत आणि काही जुन्या डॉक्टरांच्या तोंडी क्लोरोमा अजूनही आहे.

आता खोबणीकडे. डोळा ज्या हाडांच्या पोकळीत बसलेला असतो ती सात हाडं मिळून बनते. मोठ्या माणसात तिचं आकारमान साधारण 30 मिलिलिटर असतं आणि त्यात नेत्रगोल व्यापतो जेमतेम 7. बाकीच्या जागेत डोळा हलवणारे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, दृष्टीचा मज्जातंतू आणि वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. पोकळी समोरून सोडली तर सगळीकडून हाडाने बंद. त्यामुळे आत काहीही वाढलं की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून वाट नसते. गाठ नेमकी मागे असेल तर डोळा सरळ पुढे येतो. अश्रुग्रंथीच्या जागी असेल तर खाली आणि नाकाकडे ढकलला जातो. अनुभवी डॉक्टर डोळा कोणत्या दिशेला सरकला यावरूनच गाठीच्या जागेचा अंदाज बांधतात. दोन डोळ्यांच्या पुढे येण्यात 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो तपासण्याजोगा मानतात. समोरून पाहताना हा फरक निसटतो. मुलाला खुर्चीत बसवून, मागे उभं राहून, कपाळावरून खाली पाहिलं तर एक डोळा जास्त पुढे आलेला चटकन ध्यानात येतो. वर्षभरापूर्वीचा फोटो शेजारी धरला तर आणखी चांगलं.

मुलांमध्येच ही जागा का? लहान वयात लाल, म्हणजे रक्त तयार करणारी मज्जा जवळपास सगळ्या हाडांत असते; कवटीच्या आणि चेहऱ्याच्या हाडांतही. वय वाढेल तशी ती मागे हटत कंबरेचं हाड, मणके, छातीचं हाड अशा मोजक्या जागांपुरती उरते. म्हणजे मुलाच्या खोबणीच्या भिंतीतच ब्लास्ट तयार होण्याची सोय असते. हाडात बारीक नलिका असतात, त्यांतून पेशी बाहेर येतात आणि हाडावरच्या आवरणाखाली शिरतात. खोबणीत हे आवरण हाडाला सैलसर चिकटलेलं असतं, त्यामुळे भिंतीच्या गिलाव्याखाली ओल पसरावी तशा त्या पेशी पसरत जातात. स्कॅनमध्ये अनेकदा गाठ हाडाला लगटून असते आणि तरी हाड फारसं कुरतडलेलं नसतं. काही ब्लास्टच्या पृष्ठभागावर ऊतींना चिकटून राहायला मदत करणारे रेणूही जास्त असतात. त्यातल्या सीडी-56 या रेणूचा अशा गाठींशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

हा आजार जगात सगळीकडे सारख्या प्रमाणात नोंदला गेलेला नाही. 1965 मध्ये डेव्हिस आणि ओवोर या पॅथॉलॉजिस्टांनी युगांडातल्या मुलांमधल्या क्लोरोमांवर लेख लिहिला. हे काम कंपालातलं, जिथल्या मुलागो इस्पितळात डेनिस बर्किट यांनी 1950 च्या दशकात मुलांच्या जबड्यातल्या गाठींचा अभ्यास केला होता, आणि त्या गाठींना पुढे बर्किट लिम्फोमा हे नाव मिळालं. बर्किट लिम्फोमाही मुलांचा डोळा पुढे आणतो. एकाच दवाखान्यात, एकाच वयाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुलांमध्ये दोन पूर्ण वेगळे कर्करोग असू शकत होते, आणि दोघांची औषधंही वेगळी. 1970 च्या दशकात अंकाऱ्यात बालरक्तरोगतज्ज्ञ आयहान चावदार यांनी तुर्की मुलांमध्ये मायलॉइड ल्युकेमियाबरोबर डोळ्यांच्या अशा गाठी बऱ्याच प्रमाणात दिसत असल्याचं दाखवलं. भारतातल्या नेत्रसंस्थांमधूनही अशा मुलांच्या मालिका प्रसिद्ध झाल्या आहेत. पाश्चात्त्य देशांपेक्षा आफ्रिका आणि आशियातून या नोंदी जास्त येतात. उशिरा होणारं निदान हे त्याचं एक कारण मानलं जातं. मला ते पटतं, पण तेवढंच कारण नसावं. ल्युकेमियाची जनुकीय जातही महत्त्वाची आहे.

1973 मध्ये शिकागोत जॅनेट रौली यांना रुग्णांच्या गुणसूत्रांमध्ये एक ठरावीक अदलाबदल दिसली. आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेले होते. या जोडणीतून जे मिश्र जनुक तयार होतं, ते पांढऱ्या पेशीला पूर्ण वाढू देत नाही. ती कच्च्या अवस्थेतच अडकते. खोबणीत गाठ घेऊन आलेल्या मुलांमध्ये ही अदलाबदल वारंवार सापडते. ऐकताना भयंकर वाटलं तरी ही खरं तर त्यातल्या त्यात बरी बातमी असते. ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या सगळ्या जातींमध्ये या जातीला केमोथेरपी चांगली लागू पडते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात डोळ्याच्या खोबणीत गाठ असलेल्या मुलांचं जगण्याचं प्रमाण इतर ठिकाणी गाठी असलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगलं निघालं.

मग अडचण कुठे येते? पहिल्या चिठ्ठीवर. सुजलेली पापणी, लालसर त्वचा, थोडा पुढे आलेला डोळा हे चित्र डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचं आहे, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सायनसमधून खोबणीत पसरलेला जंतुसंसर्ग. त्यात ताप असतो, दुखतं, मूल हात लावू देत नाही, आणि सलाइनमधून दिलेल्या अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडतो. ल्युकेमियाच्या गाठीत दुखणं बहुधा कमी असतं आणि अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. पण सरमिसळही होते. ल्युकेमिया झालेल्या मुलालाही अनेकदा ताप असतो, आणि त्याला खराखुरा संसर्गही झालेला असू शकतो. मग आहेत बाकीची कारणं: स्नायूंच्या पेशींसारख्या पेशींचा वेगाने वाढणारा रॅब्डोमायोसार्कोमा, पोटातून पसरलेला न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा. न्यूरोब्लास्टोमात मार न लागता दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होतं. ल्युकेमियातही प्लेटलेट्स घसरल्या की तसं होऊ शकतं. खेळताना लागलं असेल, असं म्हणून आपण ते सोडून देतो. लागल्याचं कुणालाच आठवत नसेल तर सोडून देऊ नये.

ही सगळी कोडी एका साध्या तपासणीने सुटत नाहीत, पण एक साधी तपासणी बऱ्याचदा योग्य दार दाखवते. संपूर्ण रक्तगणना, म्हणजे सीबीसी, आणि सोबत रक्ताचा स्मिअर पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहणं. काही शे रुपयांचं काम. स्वतः पाहणं हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र पेशी मोजतं, पण ब्लास्टला ते कधी लिम्फोसाइट तर कधी मोनोसाइट समजून बसतं. कागदावर छापलेले आकडे जवळपास ठीक दिसतात आणि काचपट्टीवर मात्र ब्लास्ट बसलेले असतात. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली, आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या नेहमीच्या हद्दीबाहेर, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबून विचार करायला हवा. पांढऱ्या पेशी कमी असतील तरीही. ल्युकेमियात त्या नेहमी वाढलेल्याच असतात, हा समज चुकीचा आहे.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. कारण न कळलेल्या डोळ्याच्या सुजेला, रक्त न तपासता, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ नये. खोबणीची विनाकारण सूज हा वेगळा आजार असतो आणि त्याला स्टेरॉइड लागतं, हे खरं. पण ल्युकेमियाच्या काही पेशी, विशेषतः लिम्फॉइड जातीच्या, स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात स्टेरॉइड हे एक मुख्य औषध आहेच. म्हणजे दहा दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरते, घरात आनंद होतो, मज्जेची तपासणी केली तर तीही नीट उत्तर देत नाही, आणि काही आठवड्यांनी आजार परत येतो तो अर्धवट औषध खाऊन निगरगट्ट झालेला. रक्त तपासायला अर्धा दिवस लागतो. तेवढं थांबावं.

सीबीसी स्वच्छ निघाली तरी प्रश्न संपत नाही. काही रुग्णांमध्ये गाठ आधी येते आणि रक्तात, मज्जेत काहीच सापडत नाही. तेव्हा गाठीचा तुकडा काढून तपासणं हाच मार्ग. मायक्रोस्कोपखाली दिसतात त्या लहान, गोल, निळ्या पेशी. आणि मुलांच्या किमान अर्धा डझन कर्करोगांच्या पेशी अशाच लहान, गोल, निळ्या असतात. मायलॉइड सार्कोमाला लिम्फोमा समजण्याची चूक म्हणूनच जगभर होत आली आहे. ती टाळायची तर पॅथॉलॉजिस्टला ल्युकेमियाची शंका मनात ठेवून विशेष रंग लावावे लागतात. त्यातला एक रंग मायलोपेरॉक्सिडेज शोधतो. बर्न्सच्या हिरव्या गाठीतलं तेच विकर आता काचपट्टीवर तपकिरी ठिपक्यांनी स्वतःची ओळख देतं. सीडी-117, सीडी-43, लायसोझाइम असे आणखी काही रंग जोडीला लावतात. मज्जा स्वच्छ असताना सापडलेल्या गाठीकडे फक्त डोळ्याची गाठ म्हणून पाहिलं, ती काढून टाकली आणि विषय संपवला, तर बहुतेकांमध्ये वर्षभराच्या आत पूर्ण ल्युकेमिया उभा राहतो. म्हणून गाठ एकटीच असली तरी उपचार ल्युकेमियाचेच करायचे, हे आता सर्वमान्य आहे.

मायलॉइड सोडून इतर ल्युकेमियाही डोळ्याभोवती दिसतात, पण त्यांची तऱ्हा निराळी. लिम्फोब्लास्टिक जातीत अश्रुग्रंथी सुजू शकते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गुलाबीसर मांसल थर येतो, किंवा बुबुळाच्या पुढच्या पाण्यात पेशींचा साका बसतो. उतारवयातल्या क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात पापण्या आणि अश्रुग्रंथी हळूहळू जाड होतात. तो आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो. सगळ्यात धोक्याची जागा दृष्टीचा मज्जातंतू. तिथे ब्लास्ट शिरले तर काही दिवसांत, कधी काही तासांत नजर जाते, आणि औषधं तिथवर नीट पोहोचत नाहीत. अशा वेळी रेडिएशन आणि पाठीच्या मणक्यातून द्यायची औषधं तातडीने सुरू करावी लागतात. ल्युकेमियाचा कुठलाही रुग्ण एका डोळ्याने अंधुक दिसतंय असं म्हणाला, तर पुढच्या भेटीपर्यंत वाट पाहू नये.

उपचार सुरू असताना मात्र डोळ्याभोवतीच्या प्रत्येक सुजेला कर्करोग परत आला असं समजणंही चूक. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी रोज इमॅटिनिब घेणाऱ्या अनेकांच्या पापण्यांखाली सकाळी पाणी साठतं. तो औषधाचा परिणाम आहे, आजाराचा नाही. घाबरून गोळ्या बंद करण्याने खरं नुकसान होतं. सायटारबिन हे औषध मोठ्या मात्रेत दिलं की डोळे लाल होतात, चुरचुरतात. त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब आधीपासूनच घालतात, आणि ते थेंब वर सांगितलेल्या गोळ्यांच्या धोक्यात मोडत नाहीत. मज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी अश्रुग्रंथीवर हल्ला करतात तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत पडतात. आणि एक सूज अशी आहे जिच्याशी महाराष्ट्राची 2021 साली भीषण ओळख झाली: काळी बुरशी, म्युकर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिने कित्येकांचे डोळे घेतले. केमोमुळे पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलात हीच बुरशी नाकातून खोबणीत शिरू शकते. तेव्हा लागतं अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध आणि सर्जनची सुरी. केमोच्या मधोमध एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला आणि डोळा सुजला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावं.

डोळा काढावा लागेल का, हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो. उत्तर जवळपास नेहमीच नाही असं आहे. ही गाठ कापून बरी होत नाही आणि कापावी लागतही नाही. सायटारबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस, ही 1973 पासून वापरात असलेली जोडी आजही उपचाराचा कणा आहे. मुलांमध्ये तिच्यात फेरफार करून अनेक फेऱ्या देतात. पहिल्या फेरीनंतर काही दिवसांत डोळा मागे सरकू लागतो, आणि ज्यांनी तो बाहेर आलेला पाहिला आहे त्यांना हे पाहून केमोवर विश्वास बसतो. गाठ दृष्टीच्या मज्जातंतूला दाबत असेल किंवा केमोने पुरेशी आक्रसत नसेल, तर रेडिएशन देतात. दरम्यान पापणी मिटत नसेल तर बुबुळ उघडं पडून सुकतं, त्यावर जखम होते. त्यासाठी मलम, रात्री पापणीवर चिकटपट्टी, गरज पडल्यास पापण्यांना तात्पुरता टाका. केमोच्या गडबडीत हे छोटं काम राहून जातं आणि नंतर बुबुळावर कायमचा पांढरा डाग उरतो. वॉर्डातल्या नर्सला रोज आठवण करून द्यायला संकोचू नये.

ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया हा आजही कठीण आजार आहे. कित्येक महिने इस्पितळात काढावे लागतात, रक्त आणि प्लेटलेट्स पुन्हा पुन्हा लागतात, संसर्गाची टांगती तलवार असते. आपल्याकडे या आजाराशी लढण्याची एक जुनी परंपरा आहे आणि तिचं मूळही ल्युकेमियातच आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर 1932 मध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला आणि 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उभं राहिलं. आज विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेलं कुटुंब तिथे पोहोचतं तेव्हा मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं असे आधार असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. पहिल्याच दिवशी इस्पितळातल्या समाजसेवा विभागात जाऊन याची चौकशी करावी, कारण पैशांअभावी केमो अर्धवट सुटणं हे औषध लागू न पडण्याइतकंच घातक ठरतं.

आजार आटोक्यात आल्यावरही डोळ्याचं एक काम बाकी राहतं. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाचा एक डोळा काही महिने सुजून मिटलेला राहिला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र वापरणं सोडून देतो. डोळा दिसायला पूर्ण बरा होतो आणि तरी त्याने नीट दिसत नाही. यावर उपाय आहे: चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला मागे पडलेला डोळा वापरणं भाग पडतं. पण तो जितक्या लहान वयात सुरू होईल तितका उपयोगी. ल्युकेमियाच्या वॉर्डातल्या तपासण्यांमध्ये हे सहसा नसतं. म्हणून केमो संपल्यानंतरच्या पहिल्या भेटीतच नेत्रतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्यावी, आणि मुलाची नजर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी तपासून घ्यावी.